बोलण्याच्या आधीचे बोलणे : स्वमग्न मुलांच्या पालकांचे आणि शिक्षकांचे प्रश्न

गेल्या अंकातील स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निदानाविषयीच्या लेखावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख दोनच गोष्टींकडे होता : मूल बोलेल का, आणि चार माणसांत मिसळेल का. त्यांपैकी पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून आणि ओळख पटेल असे तपशील वगळून येथे घेतली आहेत. मुलाला प्रत्यक्ष न पाहता दिलेले उत्तर तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. तो एकही शब्द बोलत नाही. काही हवे असले की माझा हात धरून ओढत नेतो आणि त्या वस्तूवर नेऊन ठेवतो, पण माझ्या तोंडाकडे बघत नाही. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते, जरा दम धरा. थांबू का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : थांबू नका. त्याच्या कानांची तपासणी झाली नसेल, तर ती सर्वांत आधी करून घ्या. लहान मुलांसाठी ‘बेरा’ नावाची चाचणी असते; ती मूल झोपेत असताना करता येते आणि मुलाने काही उत्तर देण्याची गरज नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली गेली. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी केल्यास पुढील तपासण्या आणि उपचारांची दिशा मिळू शकेल.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण काही मुले खरोखरच उशिरा बोलतात आणि पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. परंतु उशिरा बोलणारे, पण स्वमग्न नसलेले मूल शब्दांवाचून कितीतरी बोलत असते. खिडकीत कावळा आला की ते बोट दाखवते, लगेच वळून आईकडे बघते, आणि आईनेही कावळा पाहिला याची खात्री झाली की खुलते. कावळा त्याला हवा नसतो. आपण पाहिले ते आईनेही पाहावे, एवढेच त्याला हवे असते. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असणे आणि ते तसे आहे हे दोघांनाही ठाऊक असणे, याला संयुक्त अवधान म्हणतात. साधारणपणे नऊ ते चौदा महिन्यांच्या दरम्यान ते आकाराला येते. बोलायला शिकणे बव्हंशी यावरच उभे असते, कारण ‘कावळा’ हा शब्द कानावर पडतो त्या क्षणी आई कशाकडे बघते आहे हे मुलाला कळले, तरच तो शब्द त्या पक्ष्याला चिकटतो. स्वमग्न मुलांमध्ये ‘ते दे’ असे सांगणारी खूण त्या मानाने लवकर येते, तर ‘ते बघ’ असे सांगणारी खूण उशिरा येते, क्वचित येते किंवा वेगळ्याच रूपात येते. म्हणूनच केवळ बोलण्याच्या वयाची वडिलांशी तुलना करून निर्णय घेता येत नाही.

आता तुमचा हात ओढण्याविषयी. पत्रात तुम्ही ते तक्रारीच्या सुरात लिहिले आहे, पण मला त्यात आशेचे कारण दिसते. आपली गरज दुसऱ्या माणसाकरवी भागू शकते हे तुमच्या मुलाने ओळखले आहे, आणि संवादाची सुरुवात तिथूनच होते. त्याने तुमचा हात बिस्किटांच्या डब्यावर ठेवला की डबा उचलून आपल्या चेहऱ्याजवळ धरा आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजा. एवढा वेळ गप्प राहणे मोठ्या माणसांना फार जड जाते, पण स्वमग्न मुलांना ऐकलेले आणि पाहिलेले मनात जुळवून घेण्यासाठी तो अवकाश लागतो. त्याने नुसती नजर टाकली, एखादा हुंकार दिला, हात हलवला, तरी ते उत्तर समजा. ‘उघड’ असा एकच शब्द म्हणा आणि डबा उघडा. त्याने काहीच केले नाही, तरीही शब्द म्हणून डबा उघडा. ‘बोललास तरच मिळेल’ अशी अट घालू नका. अशा अटींमुळे बोलणे ही परीक्षा होऊन बसते, आणि परीक्षेपासून मूल पळते.

खेळातही हेच धोरण ठेवा. तो ताटलीचे झाकण फिरवत बसला असेल, तर झाकण काढून घेऊन हाती रंगीत ठोकळे देण्याची घाई करू नका. शेजारी बसा, दुसरे झाकण घ्या, तेही फिरवा, ‘गरगर गरगर’ म्हणा, आणि झाकण पडले की ‘थांबलं’ म्हणा. तो जिथे आहे तिथे तुम्ही गेलात, की तुमच्याकडे बघण्याचे त्याला कारण मिळते.

पालकांच्या या प्रकारच्या सहभागाची पद्धतशीर तपासणी आपल्या शेजारी, गोव्यात झालेली आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांसोबत केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांबरोबर काम केले. मुलाबरोबर खेळतानाचे चित्रण पालकांना दाखवून, मुलाने कोठे काही सांगितले आणि आपण ते कोठे टिपले किंवा निसटू दिले, हे त्यांच्याच नजरेला आणून दिले. पालकांचे मुलाशी जुळवून घेणारे प्रतिसाद वाढले, आणि मुले आपण होऊन पालकांशी संवाद सुरू करू लागली. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा एकूण वेळ मात्र वाढला नाही, उलट कमी भरला, हेही सांगायला हवे. म्हणजे ही पद्धत सर्वच बाबतींत गुणकारी ठरली नाही. तरीही तज्ज्ञांची वानवा असलेल्या आपल्या तालुक्यांच्या गावांसाठी हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

तो बोलेल का, याचे खात्रीचे उत्तर कोणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहा. अमेरिकेतील एका अभ्यासात चार वर्षांचे होऊनही ज्यांना शब्द जोडून बोलता येत नव्हते अशा ५३५ स्वमग्न मुलांची माहिती तपासली गेली. त्यांतील ७० टक्के मुले पुढे निदान छोटी वाक्ये बोलू लागली, आणि जवळजवळ निम्मी सफाईदारपणे बोलू लागली. हा अभ्यास २०१३ सालचा आहे. जी बोलली नाहीत त्यांच्यासाठीही संवादाचे मार्ग आहेत. त्याविषयी चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिला पाणी हवे असले की ती ‘तुला पाणी हवंय का?’ असे म्हणते. वाईट वाटले की, पडलेली नसतानाही, ‘पडलीस का? काही नाही झालं’ असे स्वतःशीच म्हणत राहते. दिवसभर जाहिरातींतली वाक्ये चालू असतात. ही सवय मोडून काढा, असे आम्हाला एके ठिकाणी सांगण्यात आले. शेजारी टीव्हीला दोष देतात. काय करावे?
— एक वडील, नाशिक

उत्तर : कृपया मोडून काढू नका. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख वैद्यकाला करून दिली, तेव्हाच त्यांनी ही गोष्ट टिपली होती : मुले ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणतात, आणि होकार द्यायचा असला की विचारलेला प्रश्नच जसाच्या तसा परत म्हणतात. पुढे कितीतरी वर्षे या पुनरुक्तीकडे निरर्थक बडबड म्हणून पाहिले गेले. १९८०च्या दशकात बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने निरीक्षणे करून दाखवले की ती अनेकदा हेतुपूर्वक असते. मूल तिच्या आधारे मागणी करते, होकार देते, संभाषणातली आपली पाळी भरून काढते, स्वतःला शांत करते.

तुमच्या मुलीच्या बाजूने विचार करून पाहा. ‘तुला पाणी हवंय का?’ हे शब्द घरात उच्चारले गेले की मागोमाग पाण्याचा पेला येतो, हे तिने असंख्य वेळा अनुभवले आहे. वाक्याचे तुकडे करून त्यांतला ‘तुला’ कोणाला उद्देशून आहे हे शोधण्याऐवजी तिने सबंध वाक्य त्या प्रसंगासकट उचलले आहे. ‘पडलीस का? काही नाही झालं’ हे तर तिला कोणीतरी जवळ घेऊन म्हटलेले वाक्य आहे. वाईट वाटले की ती तेच जवळ घेणे मागते आहे. हे ओळखले की उत्तर काय द्यायचे तेही कळते : ‘वाईट वाटतंय मला. आई, जवळ घे,’ असे तिच्या वतीने म्हणा आणि तिला जवळ घ्या.

पाण्याच्या बाबतीतही ‘असं नाही म्हणायचं, मला म्हणायचं’ असे दुरुस्त करत बसू नका. ती जे म्हणू पाहते आहे ते तिच्या तोंडी शोभेल अशा रूपात म्हणा, ‘मला पाणी हवंय’, आणि पेला हातात द्या. येथे मराठीपुरती एक अडचण आहे व तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आपल्या क्रियापदात बोलणाऱ्याचे लिंगही येते. तुम्ही वडील आहात; सवयीने ‘मी जातो’, ‘मी पडलो’ म्हणाल, आणि तुमची मुलगी तेच उचलेल. तेव्हा तिच्या वतीने बोलताना ‘मी जाते’, ‘मी पडले’ अशीच रूपे वापरा. मुलगा असता तर हीच काळजी आईला घ्यावी लागली असती.

दुसरे असे की प्रश्न कमी विचारा. ‘हे काय आहे? याचा रंग कोणता? सांग ना!’ असा भडिमार झाला की पुनरुक्ती वाढते, कारण उत्तर सुचले नाही तरी काहीतरी बोलायचे असते. त्याऐवजी जे घडते आहे ते छोट्या विधानांत सांगत राहा. एका वहीत तिची वाक्ये, ती कोठून आली आणि कोणत्या प्रसंगी येतात, हे टिपून ठेवा; जाहिरातीतले एखादे वाक्य ठरावीक चिंतेच्या वेळीच येते असे बहुधा तुमच्या लक्षात येईल. ही वही वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. टीव्हीमुळे स्वमग्नता होत नाही, शेजाऱ्यांना हे ठामपणे सांगा. मात्र पडद्यासमोर जाणारा वेळ माणसांबरोबरच्या वेळातून वजा होतो, म्हणून तो आटोक्यात ठेवणे बरे.

प्रश्न : आम्ही बेंगळुरूमध्ये राहतो. घरात मराठी, बाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी. चार वर्षांच्या आमच्या स्वमग्न मुलाचा भाषांमध्ये गोंधळ होतो, म्हणून घरीही फक्त इंग्रजीच बोला, असे शाळेने सुचवले आहे. माझ्या आईला इंग्रजी येत नाही.
— एक आई, बेंगळुरू

उत्तर : हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, परंतु त्याला संशोधनाचा आधार नाही. दोन भाषा कानावर पडणाऱ्या आणि एकच भाषा कानावर पडणाऱ्या स्वमग्न मुलांची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत. कॅनडातील २०१२ सालच्या अशा एका अभ्यासात दोन भाषांमध्ये वाढणारी मुले भाषेत किंवा सामाजिक कौशल्यांत अधिक मागे पडलेली आढळली नाहीत. उलट घराची भाषा काढून घेतली की नुकसान होते. लाड, रागावणे, गाणी, आजीच्या मांडीवरची बडबड हे सारे ज्या भाषेत सहज येते, तिच्यातच मुलाला संवादाचा सर्वाधिक आणि अस्सल सराव मिळतो. घाबरत, शब्द शोधत बोललेल्या परभाषेत पालक आपोआप कमी बोलतात. आजीने मराठीतच बोलावे, आणि भरपूर बोलावे.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला चार-पाच शब्दच येतात. चित्रांची कार्डे किंवा टॅबलेटवरचे बोलणारे अॅप वापरा, असे उपचारतज्ज्ञ म्हणतात. पण बोट दाखवून काम भागले तर तो बोलण्याचा कंटाळा करेल, अशी आम्हाला भीती वाटते.
— आईवडील, नागपूर

उत्तर : ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, आणि ती स्वाभाविक आहे. परंतु या विषयावरील अभ्यासांचे जे एकत्रित आढावे घेतले गेले, त्यांत चित्रे किंवा उपकरणे वापरल्याने बोलणे मागे पडल्याचे दिसले नाही. काही मुलांचे बोलणे थोडेसे वाढलेच. ज्याला बोलणे जमते ते मूल बोलणे टाळत नाही, कारण तोंडाने बोलणे सर्वांत झटपट असते. आणि समजा तो पुढे फारसा बोललाच नाही, तर तोवरची वर्षे त्याने पोट दुखते आहे हे सांगण्याच्या साधनाविना का काढावीत?

चित्र देऊन वस्तू मागण्याची सुप्रसिद्ध पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत विकसित केली. आपल्याकडे आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे अॅप विनामूल्य आहे आणि ते मराठीतही चालते; चेन्नईत घडलेले ‘आवाज’ हेही अनेक कुटुंबे वापरतात. साधन कोणतेही निवडा, पण त्यात खाऊ-खेळण्यांच्या मागण्यांपलीकडचे शब्द पहिल्या दिवसापासून असू द्या : ‘नको’, ‘थांब’, ‘अजून’, ‘दुखतंय’, ‘आवडलं’, ‘बघ’. यांतला ‘नको’ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलाला नकार देण्याची सोय नसते, त्याला तो चावून, ओरडून किंवा ताट भिरकावून द्यावा लागतो, आणि मग त्या वागण्यावर वेगळे उपचार सुरू होतात. त्याने ‘नको’वर बोट ठेवले तर शक्य तेव्हा तो नकार खरोखर माना.

मुलाला ही भाषा शिकायची असेल, तर ती घरात वापरली जाताना त्याला दिसायला हवी. तुम्ही स्वतः बोलताना चित्रांवर बोट ठेवत चला, त्यानेही तसे करावे असा आग्रह न धरता, काही महिने. शिक्षा म्हणून टॅबलेट कपाटात ठेवणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे आहे, हे घरातल्या सर्वांना समजावून सांगा. एक इशाराही देतो. मोठ्या माणसाने मुलाचा हात किंवा मनगट धरून अक्षरांवर फिरवायचे आणि उमटलेला मजकूर मुलाचा मानायचा, अशी एक पद्धत प्रचलित आहे. तपासणीत ते शब्द हात धरणाऱ्याचेच असल्याचे पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. तिच्या नादी लागू नका. बोट मुलाचे स्वतःचे असले पाहिजे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्गशिक्षक आहे. वर्गात स्वमग्नता असलेला एक हुशार मुलगा आहे. तो छान बोलतो, पण विषय एकच, एसटी. कोणत्या आगाराची कोणती गाडी किती वाजता सुटते, हे तो भेटेल त्याला सांगत सुटतो. नजर देत नाही, थट्टा कळत नाही, मधल्या सुट्टीत भिंतीशी उभा असतो. मुले त्याची नक्कल करतात. त्याला मिळून-मिसळून वागायला कसे शिकवू?
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, आपण हा प्रश्न विचारलात याचाच मला फार आनंद झाला. तरी प्रश्नाचा अर्धा भाग मी वर्गातील उरलेल्या मुलांकडे वळवू इच्छितो.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक आहेत. स्वमग्न आणि इतर माणसे यांच्यातील बेबनाव दुहेरी असतो, जितके त्यांना आपण कळत नाही तितकेच आपल्याला ते कळत नाहीत, असा विचार त्यांनी २०१२ साली मांडला. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रौढ व्यक्तींच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी सांगायला लावली. सर्व स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ती स्वमग्न नसलेल्यांच्या साखळीत टिकली. जिथे दोन्ही प्रकारची माणसे आळीपाळीने बसवली होती, तिथे मात्र ती अधिक वेगाने गळत गेली. संवादाची शक्ती एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला अपुरी, असे हे चित्र नाही. म्हणून शिकण्याचा सगळा भार नऊ वर्षांच्या एकट्या मुलावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

नजरेचा आग्रह सोडून द्या. अनेक स्वमग्न प्रौढांनी लिहून ठेवले आहे की समोरच्याच्या डोळ्यांत बघणे त्यांना असह्य होते, आणि बघण्यावरच सगळी शक्ती खर्च झाली की ऐकलेले डोक्यात शिरत नाही. तो फळ्याकडे बघत बरोबर उत्तर देत असेल, तर त्याचे लक्ष आहे.

तुमच्या सूचना तपासून पाहा. ‘वह्या काढता का जरा?’ हा त्याच्या दृष्टीने प्रश्न आहे आणि ‘हो’ हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. ते उर्मटपणाचे समजू नका. ‘डोकं खाऊ नकोस’ असे म्हटल्यावर तो गोंधळला तर अर्थ सांगा. असे वाक्प्रचार तो शब्दांसारखे एकेक करून शिकू शकतो. वेळापत्रकातील बदल, स्नेहसंमेलन, पाहुण्यांची भेट यांची कल्पना आदल्या दिवशी द्या. अशा प्रसंगात काय घडते, लोक तसे का वागतात आणि आपण काय करू शकतो, हे चार-सहा वाक्यांत आणि त्याच्याच दृष्टिकोनातून लिहून देण्याची पद्धत कॅरोल ग्रे यांनी १९९१ साली सुरू केली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतही एका कागदावर करता येते. मात्र ‘मी शहाण्यासारखे वागेन’ अशा आज्ञा त्यात भरू नका.

एसटी ही अडचण मानू नका. तिच्यातूनच मार्ग निघेल. अंतर, वेळ आणि वेग यांची उदाहरणे, जिल्ह्याचा नकाशा, सहलीचे नियोजन यांत त्याला असे काम द्या, की दुसऱ्या मुलाला ते पूर्ण करण्यासाठी त्याच्याकडे यावेच लागेल. तिघांच्या गटात एकाने प्रश्न विचारायचे, एकाने वेळापत्रक पाहून उत्तर द्यायचे, एकाने लिहायचे, आणि मग कामे बदलायची, अशी रचना केली तर पाळीने बोलणे त्यात आपसूक येते. नियम स्पष्ट असलेला संवाद या मुलांना झेपतो. ‘जा, मिसळ त्यांच्यात’ हा झेपत नाही. मैत्री समान आवडीतून होते, आणि आगारांची नावे पाठ असलेले दुसरे एखादे मूल शाळेत निघेलच.

नक्कल करण्याविषयी मात्र कडक राहा. पालकांच्या आणि त्या मुलाच्याही संमतीने वर्गाशी बोला. ‘तो बिचारा आहे’ असे सांगू नका, आवाज, गर्दी आणि अचानक होणारे बदल त्याला किती तीव्रतेने जाणवतात हे सांगा. टिंगल टाळण्यासाठी जी मुले दिवसभर स्वतःला दाबून, इतरांची हुबेहूब नक्कल करत वावरतात, ती शाळेत शहाणी दिसतात आणि घरी जाऊन कोसळतात. मुलींमध्ये हे अधिक आढळते, आणि त्यामुळे त्यांचे निदानही रखडते. तेव्हा वागणे ‘सुधारले’ असे वाटले की घरी तो कसा असतो, हे पालकांना जरूर विचारा.

आणि मधली सुट्टी. ती भिंत कदाचित त्याने निवडलेली असेल. पाठीमागून कोणी येणार नाही अशी ती एकमेव जागा असू शकते. त्याला दोन पर्याय द्या : ठरावीक नियमांचा एखादा खेळ दोन-तीन ठरलेल्या मुलांबरोबर, किंवा वाचनाच्या कोपऱ्यात शांतपणे बसणे. कोणता हवा हे त्यानेच रोज सांगावे, आणि त्याने शांत बसणे निवडले तर त्या दिवशी कोणीही त्याला मैदानात ओढू नये.